स्वस्त मेंडोलिनला नट कशाचा बसवावा? प्लास्टिक, हाड, ओट्याचे कोरियन (Corian) आणि पितळ यांचा कोल्हापुरातला अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या भाच्यासाठी मी साडेसहा हजार रुपयांचे एक मेंडोलिन घेतले. दिसायला ते छान होते, खुंट्याही बऱ्यापैकी फिरत होत्या आणि आवाज त्या किमतीच्या मानाने भरीव होता. आठवड्याभरातच भाच्याने तक्रार केली, "मावशी, मोकळी तार बरोबर वाजते, पण बोट ठेवलं की बेसूर होते." मला आधी वाटले की मुलगा नवा आहे, बोट पडद्याच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, जवळ ठेवत नसेल. मग मी स्वतः वाजवून पाहिले आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. त्या दिवसापासून नट या, खुंट्यांच्या बाजूला तारा ज्यावर टेकतात त्या, बोटभरही लांबी नसलेल्या तुकड्यामागे माझे जवळजवळ वर्ष गेले. या काळात एकाच वाद्यावर चार प्रकारचे नट बसवून झाले, एका दुकानात पैसे वाया गेले आणि मंगळवार पेठेतल्या एका छोट्या कार्यशाळेत ते भरून निघाले. स्वस्त मेंडोलिन घेणाऱ्या अनेकांना हाच प्रश्न पडतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी मेंडोलिन हाताळलेले नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते की या वाद्याला आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत लावलेल्या असतात. जोड्यांचे सूर जी, डी, ए आणि ई, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. खुंट्यांकडून येणाऱ्या तारा फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटे ठेवायच्या दांडीवर, उतरण्यापूर्वी ज्या आडव्या पट्टीच्या खाचांतून जातात, ती पट्टी म्हणजे नट. सतारीवर तारगहन जे काम करते तेच हा करतो: तारांमधली अंतरे राखतो आणि त्यांची पडद्यांपासूनची उंची ठरवतो. मोकळ्या तारेचे एक टोक घोडीवर आणि दुसरे या नटवर टेकलेले असते. आपण पडद्यावर बोट दाबले की तारेचे कंप पावणारे टोक त्या पडद्यावर येते आणि नटचा आवाजाशी असलेला संबंध जवळपास संपतो. नटच्या पदार्थामुळे सगळ्या वाद्याचा आवाज पालटतो असे जे सांगितले जाते ते मला म्हणूनच पटत नाही. पदार्थाचा फरक ऐकू येतो तो मोकळ्या तारांवर, आणि तोही बारकाईने ऐकले तर.

आमच्या मेंडोलिनचा दोष पदार्थाचा नव्हताच, तो उंचीचा होता. कारखान्यातून आलेल्या नटच्या खाचा इतक्या उथळ होत्या की पहिला पडदा आणि जी ची तार यांमध्ये जवळजवळ एक मिलिमीटरची फट होती. मेंडोलिनची तार आखूड असते. नटपासून घोडीपर्यंत जेमतेम ३५ सेंटिमीटर अंतर, आणि पहिला पडदा नटपासून सुमारे २० मिलिमीटरवर. एवढ्या जवळ तार उंच असेल तर ती खाली दाबताना बोट तिला ताणते आणि सूर चढतो. ट्यूनर लावून पाहिले तेव्हा पहिल्या पडद्यावर ए ची जोडी सुमारे १५ सेंट आणि जी ची २० सेंट चढलेली होती. अर्ध्या स्वराचे १०० सेंट होतात, त्यामुळे २० सेंटचा फरक शिकाऊ कानालाही खुपतो. ई ची तार सर्वांत बारीक, पण ती मुळातच अतिशय घट्ट ताणलेली असल्यामुळे दाबण्याने तिच्या ताणात पडणारी भर त्या मानाने किरकोळ ठरते. ए ची तार तिच्याहून जाड आणि त्या हिशेबाने सैल, म्हणून ती लवकर चढते. मुलांची बोटे दुखतात, त्याचेही कारण बहुतेक वेळा हीच उंची असते.

येथे एक खबरदारी सांगायला हवी. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असते, आणि ती सरकली तर सगळेच पडदे बेसूर लागतात. बाराव्या पडद्यावर बोट दाबून येणारा सूर आणि त्याच ठिकाणी तारेला नुसते हलके बोट लावून काढलेला सूर एकच असला पाहिजे. तो तसा असूनही फक्त पहिले दोन-तीन पडदे चढे वाजत असतील तरच दोष नटकडे जातो. आमच्या बाबतीत घोडी मी आधी नीट करून घेतली होती.

पहिला प्रयत्न फसला. शहरातल्याच एका दुकानात मी वाद्य घेऊन गेले. प्लास्टिकचा नट काढा आणि हाडाचा बसवा, सगळे दोष जातील, असे तिथे ठामपणे सांगण्यात आले. सातशे रुपये घेऊन दोन दिवसांनी वाद्य परत मिळाले. नट हाडाचाच होता आणि त्याला पॉलिशही सुरेख केले होते. खाचा मात्र सगळ्या एकाच पात्याने, एकाच रुंदीच्या पाडलेल्या होत्या. ई ची तार पाव मिलिमीटर जाडीची आणि जी ची त्याच्या तिपटीहून अधिक, हे कुणी लक्षातच घेतले नव्हते. बारीक तारा खाचेत इकडून तिकडे हलत आणि मोकळ्या वाजवल्या की खळखळत. जोडीतल्या दोन तारांमधले अंतर कुठे दीड मिलिमीटर तर कुठे तीन होते, त्यामुळे एका बोटाने दोन्ही तारा दाबताना एक निसटायची. आणि इतके करूनही उंची होती तशीच. मुलाला वाद्य नकोसे झाले, आणि मला ते फार लागले.

मंगळवार पेठेतली कार्यशाळा एका ओळखीच्या तबलावादकांनी सुचवली. एका जुन्या घराच्या पडवीत पेट्या, तंबोरे आणि दोन-चार गिटारी टांगलेल्या असतात. वाद्ये दुरुस्त करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत आणि तारवाद्यांचे काम मिरजेत शिकलेले आहेत. मिरज येथून ५० किलोमीटरच्या आत आहे आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, हे संगीतात रस असलेल्या कोल्हापूरकरांना ठाऊक आहेच. जवारी लावणाऱ्या, म्हणजे सतार-तंबोऱ्याची घोडी घासून आवाज जुळवणाऱ्या, हाताला कानस किती फिरवायची आणि कुठे थांबायचे याची जी समज असते, ती मला त्या दिवशी प्रत्यक्ष पाहायला मिळाली. त्यांनी हाडाचा नट उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हाड चांगलं हाय की. पण खाच नीट नसंल तर हाड घाला न्हाई तर सोनं घाला, सूर काय लागायचा न्हाई. जुना नट ठेवलाय का?" सुदैवाने तो माझ्या पिशवीत होता.

त्यांनी तो टाकाऊ समजलेला प्लास्टिकचा नटच परत बसवला आणि त्याच्या खाचा उतरवल्या. हे काम मी तासभर शेजारी बसून पाहिले. एक तार सैल करून बाजूला सारायची, खाचेतून कानशीचे दोन-तीनच हात मारायचे, तार परत जागेवर बसवून सुरात आणायची, पहिल्या पडद्यावरची फट मोजायची आणि पुन्हा तेच. फट मोजायला त्यांच्याकडे मोटार मेकॅनिक टॅपेट सेट करताना वापरतात ते, ठरावीक जाडीच्या पात्यांचे फीलर गेज होते. उद्यमनगरात ते कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळते. बारीक खाचांसाठी गुजरीतल्या सोनारकामाच्या आरीचे पाते होते, कारण त्यातली बारीक पाती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची असतात आणि ई च्या तारेला नेमकी लागू पडतात. नटच्या खास कानशींचा परदेशी संच काही हजारांना पडतो, आणि तो नसल्याने त्यांचे कुठे अडलेले मला दिसले नाही. शेवटी मोकळ्या ई खाली ०.३० आणि जी खाली ०.४० मिलिमीटरची पाती जेमतेम सरकत होती. घरी मोजायचे साधन नसेल तर तिसऱ्या पडद्यावर तार दाबून धरावी आणि पहिल्या पडद्याकडे आडव्या नजरेने पाहावे. तिथे कागदाच्या जाडीएवढी फट दिसली तर खाच बरोबर आहे. तार पडद्याला टेकलेली असेल तर खाच प्रमाणाबाहेर खोल गेली आहे, आणि फट ठळक असेल तर अजून उतरवायला वाव आहे.

खाचेचा उतारही तेवढाच महत्त्वाचा आहे. खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरता असावा लागतो, म्हणजे तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरच टेकते आणि तिथूनच नेमकी सुटते. तळ सपाट किंवा उलट्या उताराचा असला तर तार खाचेत घासत राहते आणि मोकळ्या तारेला तंबोऱ्यासारखी झण येते. तंबोऱ्याच्या घोडीवर हीच झण मुद्दाम, धागा सरकवत सरकवत मिळवतात. मेंडोलिनच्या नटवर ती दोष ठरते. खाचेची खोली मात्र जाड तारांसाठी तारेच्या निम्म्या जाडीएवढी पुरते. तार पूर्ण बुडेल इतकी खोल खाच ठेवली तर तार तिथे अडकते, आणि सूर लावताना 'टिक' असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो. एकेरी तारांच्या वाद्यात हे निभावून जाते. मेंडोलिनमध्ये जोडीतली एक तार अडकली आणि दुसरी सरकली की दोन्हींत तफावत येऊन ती जोडी रडकी वाजू लागते. शिसपेन्सिलीचे टोक खाचेत घासल्याने बराच फरक पडतो. हा उपाय प्रत्येक वेळी तारा बदलताना करावा, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

या एका तासाच्या कामाने वाद्य ओळखू येईना. नट तोच, पोकळ प्लास्टिकचा. पहिल्या पडद्यावर ए ची जोडी आता चार-पाच सेंटच्या आत आली होती आणि भाच्याने घरी येऊन पहिल्यांदाच अर्धा तास सलग वाजवले. मजुरी तीनशे रुपये झाली. माझ्या मते स्वस्त मेंडोलिनवर सर्वांत आधी करावा असा खर्च हाच आहे, आणि पदार्थाचा विचार त्याच्यानंतर यावा.

मग पदार्थ बदलायचाच कशाला? त्याचे उत्तर चार महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास मिळाले. ई च्या जोडीची एक तार पहिल्या पडद्यावर झणझणू लागली. नट काढून पाहिला तेव्हा तो खालून डबीसारखा पोकळ निघाला आणि पोलादी तारेने त्याची खाच करवतीसारखी कापत खाली नेलेली होती. मेंडोलिनच्या आठ तारांचा मिळून ताण तारांच्या जाडीप्रमाणे ६० ते ८० किलोंच्या घरात असतो आणि नुसती ई ची एक तार आठ-दहा किलोंनी ओढलेली असते. मऊ, पोकळ प्लास्टिक त्यापुढे किती दिवस टिकणार? भिंगाखाली त्या खाचेच्या दोन्ही कडांना प्लास्टिकचे बारीक ओठ उमटलेले स्पष्ट दिसत होते. चांगला नट का घ्यायचा, ते मला तेव्हा कळले. नीट उतरवलेली खाच वर्षानुवर्षे तशीच राहावी, यासाठी तो घ्यायचा. अशा खोल गेलेल्या खाचेत नटच्याच पदार्थाची पूड आणि सुपर ग्लू भरून ती पुन्हा कापता येते. तात्पुरता उपाय म्हणून तो ठीक आहे.

पुढे त्यांनी हाडाचा नवा तुकडा घेतला. पहिल्या दुकानाने बसवलेल्या नटच्या खाचा सुधारण्यापलीकडे गेल्या होत्या. बाजारात मिळणारे तुकडे बहुधा म्हशीच्या किंवा उंटाच्या हाडाचे, चरबी काढून पांढरे केलेले असतात. आमचा तुकडा अडीचशे रुपयांना पडला. त्यांनी आधी दांडीच्या टोकाशी जिथे नट बसतो ती जागा खरवडून वाळलेल्या गोंदाचा थर काढला आणि तुकड्याचा तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासत तिथे घट्ट बसेपर्यंत सपाट केला. हाड घासताना दातांच्या दवाखान्यात येतो तसा वास येतो आणि पूड फार बारीक असते, म्हणून नाकाला रुमाल हवाच. २८ मिलिमीटर रुंदीच्या नटवर बाहेरच्या दोन तारांत २४ मिलिमीटर आणि जोडीतल्या दोन तारांत सुमारे दोन मिलिमीटर अंतर त्यांनी पेन्सिलीने आखून घेतले. तुकडा बसवताना गोंदाचे दोनच थेंब लावले, कारण तारांचा दाब त्याला धरून ठेवतो आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर लाकूड उचकटत नाही.

हाड आणि प्लास्टिक यांतला आवाजाचा फरक पारखायला मेंडोलिनवर एक सोपी सोय आहे. जोड्या पाच-पाच स्वरांच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे प्रत्येक जोडीचा सातवा पडदा आणि पुढची मोकळी जोडी यांचा सूर एकच येतो. जी च्या सातव्या पडद्यावरचा डी आणि मोकळा डी लागोपाठ वाजवले की मोकळ्या तारेचा पोत कितपत वेगळा आहे ते लगेच कळते. पोकळ प्लास्टिकवर मोकळा डी थोडा दबका आणि लवकर विझणारा वाटायचा. हाडावर तो अधिक मोकळा, अधिक वेळ टिकणारा झाला. फरक खरा आहे, पण दुसऱ्या खोलीतून ऐकणाऱ्याला तो सांगता येईल असे मी म्हणणार नाही. सूर लावताना मात्र हाड स्पष्टपणे सरस आहे, कारण घासून गुळगुळीत झालेल्या त्याच्या खाचेतून तार सहज सरकते.

हाडाचे काम छान झाल्यावर कुतूहल वाढले आणि मॉड्युलर किचनचे काम करणाऱ्या एका ओळखीच्यांकडून मी कोरियनचा कटपीस मागून आणला. अ‍ॅक्रिलिक आणि खनिज पूड यांपासून बनवलेला हा ओट्याचा पदार्थ १९६७ मध्ये ड्युपाँट कंपनीने काढला आणि नंतर गिटारच्या नटसाठीही तो वापरला गेला. शीट १२ मिलिमीटर जाडीची असल्याने ती पातळ करण्यात वेळ जातो. त्यापुढे मात्र काम सोपे होते, कारण तो सर्वत्र सारख्या घनतेचा असतो, हाडासारखी मध्येच मऊ जागा लागत नाही आणि वासही येत नाही. त्या सातव्या पडद्याच्या परीक्षेत मला तो हाडापासून वेगळा ओळखता आला नाही. तो हाडाहून थोडा मऊ आहे, त्यामुळे ई ची खाच दोन-तीन वर्षांनी पाहावी लागेल असे कारागिरांचे मत पडले. पुष्कळ घरांत वाद्य देवघराजवळ ठेवतात आणि तिथे हाड नको असते. त्यांच्या भावनेचा पूर्ण मान राखून मी कोरियनच सुचवीन. कॅनडातल्या ग्राफ टेक कंपनीचा टस्क हाही त्यांना चालण्यासारखा, उच्च दाबाखाली घडवलेला कृत्रिम पदार्थ आहे. तो तयार खाचांचा घेतला तरी त्यांची खोली आपल्या वाद्याप्रमाणे उतरवावीच लागते.

पितळेचा प्रयोग उद्यमनगरात शिकणाऱ्या माझ्या मोठ्या पुतण्याच्या उत्साहाने झाला. पडदेही धातूचे, मग नटही धातूचा असला तर मोकळी आणि दाबलेली तार सारखी वाजेल, हा त्याचा विचार चुकीचा नव्हता. तसे काही प्रमाणात घडलेही. पण स्वस्त मेंडोलिनचा आवाज आधीच पत्र्यासारखा तीक्ष्ण असतो आणि पितळेने मोकळी ई कानाला टोचू लागली. खाचा पाडायला दुप्पट वेळ लागला, पात्यांची दोन टोके मोडली आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत नट थोड्याच दिवसांत हिरवट काळा पडला. तीन आठवड्यांनी आम्ही तो काढला. शिसवी लाकूड बारीक तारांखाली फार लवकर झिजते आणि शिंपला ठिसूळ व महाग असतो, म्हणून त्या दोन्हींच्या वाटेला गेलो नाही. कुणी जुन्या हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची पट्टी देऊ केली तर ती स्वीकारू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांच्या व्यापाराला बंदी आहे. आणि ज्या मेंडोलिनला नटच्या पुढे लगेच 'शून्य पडदा' असतो, त्याच्या मालकाने पदार्थावर पैसे घालूच नयेत, कारण तिथे तार त्या पडद्यावर टेकते आणि नट फक्त अंतरे राखतो.

आता भाच्याच्या वाद्यावर हाडाचा नट कायम आहे. या पावसाळ्यात दमट हवेने घोडीची उंची थोडी बदलली, ती तिच्या चाकांनी उतरवावी लागली. नटच्या खाली मात्र फीलर गेजची तीच दोन पाती सरकतात. हाडाचा तुकडा आणि मजुरी मिळून कार्यशाळेने साडेआठशे रुपये घेतले आणि काम एका दिवसात दिले. सणांच्या आधी, विशेषतः गणपतीच्या तोंडावर, तिथे पंधरा-पंधरा दिवस थांबावे लागते, तेव्हा लवकर जावे. जाताना आपण नेहमी वापरतो त्याच जाडीच्या तारांचा नवा संच सोबत न्यावा, कारण ते प्रत्येक खाच त्या तारेवर मापूनच कापतात आणि पुढे जाड तारा घातल्या तर त्या खाचेत बसत नाहीत.